कॉर्गी २६१, सोनेरी डीबी५ : पूर्ण संच हवा आहे, काय काय तपासू?

मुक्ता_रेडिंग

नमस्कार मंडळी. कॉर्गी या ब्रँडची २६१ क्रमांकाची खेळण्यातली गाडी, जेम्स बाँडची सोनेरी ॲस्टन मार्टिन डीबी५, शोधते आहे, बाबांच्या संग्रहासाठी. नंतरची चंदेरी नको. पहिलीच हवी, आणि खोक्यासकट. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, त्यामुळे लिलाव, खेळण्यांचे मेळे, कार बूट सेल (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात ते बाजार), सगळीकडे जाता येईल. ऑनलाइन गाड्या रोज दिसतात. पण एकीत उडणारा माणूसच नसतो, दुसरीचं खोकं 'रिप्रो', म्हणजे नव्याने छापलेली नक्कल असतं, तिसरीचा विक्रेता 'सगळं ओरिजिनल' म्हणतो आणि फोटो दोनच टाकतो.

खरी २६१ फोटोवरून कशी ओळखायची? 'पूर्ण संच' म्हणजे नेमकं काय काय धरायचं? गाडी आधी घेऊन खोकं आणि कागद सवडीने जमवले तर चालेल का? आणि शेवटी हे सगळं रत्नागिरीला जाणार आहे. तिथल्या दमट हवेत खोकं टिकेल ना?

---

पत्र्याची_पेटी

मुक्ताताई, आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: २६१ ही गाडी दुर्मीळ नाही. कॉर्गीची खेळणी बनवणाऱ्या मेटॉय कंपनीने ती ऑक्टोबर १९६५ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीच्या कारखान्यातून बाजारात आणली. ब्रिटनच्या खेळणी-विक्रेत्यांच्या संघटनेने त्या वर्षीचं सर्वोत्तम खेळणं म्हणून तिची निवड केली आणि ती लाखांनी खपली. दुर्मीळ आहे तो तिच्याबरोबर आलेला कागद आणि पेरापेक्षाही लहान असा एक प्लास्टिकचा माणूस. बटण दाबलं की छप्पर उघडतं आणि तो उडतो. साठ वर्षांपूर्वी ज्या पोरांनी ते बटण दाबलं त्यांच्यातल्या बहुतेकांना तो परत सापडलाच नाही. तेव्हा किंमत लावताना गाडीकडे शेवटी बघा. आधी कागद बघा.

पूर्ण संच म्हणजे गाडी, आत स्टिअरिंगवर बसलेला बाँड, सीटवरचा माणूस आणि एक जादा माणूस. मग चित्रांचं खोकं आणि त्याच्या आतला चित्र छापलेला पुठ्ठ्याचा मंच, ज्यावर गाडी ठेवलेली असते. शिवाय 'गुप्त सूचनां'चं पाकीट, त्यातला सूचनांचा कागद आणि ००७ चा चिकटवायचा बिल्ला. विक्रेते 'बॉक्स्ड' एवढंच लिहितात तेव्हा बहुतेक वेळा बाहेरचं खोकं आणि गाडी, इतकंच असतं. मंच आहे का, जादा माणूस आहे का, बिल्ला आहे का, तीन वेगळे प्रश्न विचारा आणि तिन्हींचे वेगळे फोटो मागा.

आता ओळख. 'गोल्डफिंगर' या बाँडपटातली खरी गाडी चंदेरी होती. कॉर्गीने सोनेरी रंग घेतला, कारण एवढ्याशा कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाडीला, चंदेरी रंग दिला तर ते रंग न दिलेलंच वाटलं असतं. पण नुसत्या सोनेरी रंगावर जाऊ नका. पुढे १:३६ आकाराच्या (खऱ्या गाडीच्या छत्तिसाव्या भागाएवढ्या) गाड्या निघाल्या, त्यांतही सोनेरी आहेत, आणि मूळ २६१ ची नवी प्रतिकृतीही जुन्यासारख्या खोक्यात विकली जाते. माप मागा. खरी डीबी५ साधारण ४.५७ मीटर लांब. म्हणजे १:३६ ची गाडी जवळजवळ १२७ मिलिमीटर भरते, तर २६१ दहा सेंटीमीटरच्या आसपास. गाडीशेजारी पट्टी ठेवून काढलेला एक फोटो पुरे.

१९६८ मध्ये आलेली २७० चंदेरी असते, तिच्या नंबरप्लेटा फिरतात आणि मागच्या चाकांतून टायर फाडणारी पाती बाहेर येतात. २६१ मध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. तेव्हा 'सोनेरी, फिरत्या प्लेटा' असं कुठे वाचलंत तर ती २७० ची रंगवलेली गाडी समजा.

२६१ मध्ये तीनच करामती. बाजूच्या एका बटणाने पुढच्या मशीनगन आणि बंपरवरचे धडक द्यायचे दोन दांडे बाहेर येतात, दुसऱ्याने छप्पर उघडून सीट उडते, आणि मागच्या एक्झॉस्टच्या नळ्या दाबल्या की काचेमागची ढाल वर येते. विक्रेत्याकडून वीस सेकंदांचा सलग व्हिडिओ मागा, न तोडलेला. तुकडे जोडलेले असतील तर एखादी करामत हाताने उचलून धरलेली असते.

व्हिडिओत छपराकडे नीट बघा. बंद केल्यावर ते अंगाशी सपाट बसलं पाहिजे. मागच्या कडेला केसाएवढी फट राहत असेल तर खिट्टीची कड झिजलेली आहे, आणि असं छप्पर गाडी टेबलावर जरा आपटली तरी आपोआप उघडतं. ढाल वर येऊन अर्ध्यात अडकत असेल तर घाबरू नका. बऱ्याचदा आत साचलेली धूळ आणि सुकलेलं तेल एवढंच कारण असतं. छपराची खिट्टी मात्र तळ बंद करणारा रिव्हेट न काढता दुरुस्त होत नाही, आणि रिव्हेट काढला की गाडीचं मूळपण गेलं.

---

दहापट_भिंग

पेटीदादांनी गाडीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. दोन वस्तू खिशात ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च.

भिंगाखाली खोक्यावरचं चित्र बघा. त्या काळच्या ऑफसेट छपाईत रंगीत ठिपके एका जाळीत, ठरावीक अंतरावर बसलेले दिसतात, आणि काळी अक्षरं सलग, धारदार काठाची असतात. घरच्या इंकजेटवर छापलेलं असेल तर ठिपके वाळू सांडल्यासारखे वेडेवाकडे पडतात आणि काळ्या अक्षरांच्या काठालाही रंगीत कण दिसतात. जुनं खोकं स्कॅन करून नीट ऑफसेटवर छापलं असेल तर आणखी एक खूण: जुन्या जाळीवर नवी जाळी पडते, त्यामुळे सपाट रंगाच्या भागात लाटांसारखे पट्टे उमटतात.

यूव्ही टॉर्चखाली आजचा कागद निळसर-पांढरा लख्ख चमकतो, जुना पुठ्ठा मंद, पिवळट राहतो. पण यावर एकट्यावर निकाल देऊ नका. कागद उजळवणारी रसायनं १९६५ च्या आधीपासून वापरात होती, त्यामुळे एखादा खरा कागदही थोडा चमकू शकतो. खोकं मंद आणि आतला मंच लख्ख, असं दिसलं तर मात्र दोन्ही एका काळाचे नाहीत अशी दाट शंका घ्या.

मग खोक्याच्या आत बघा. साठ वर्षांच्या पुठ्ठ्याची आतली बाजू करडी किंवा तपकिरी पडते, आणि झाकणाच्या घडीवर वरचा रंगीत थर तुटून तंतू दिसतात. बाहेरून कडा दुमडलेल्या आणि आतून पांढरंशुभ्र, हे जमत नाही. बिल्ल्याचा गोंद जुना झाला की मागे तपकिरी डाग सोडतो, कधी तो डाग सूचनांच्या कागदावरही उमटतो. दोन्ही डाग एकमेकांवर बसत असतील तर ते कागद वर्षानुवर्षं एकत्र होते, हा फार चांगला पुरावा. असा डाग बघून कुणी किंमत पाडू बघतं. मी तर डाग असलेला संच आधी घेईन.

माणसाबद्दल एक. नकली माणसं सुटी भाग विकणाऱ्यांकडे सहज मिळतात, काही प्लास्टिकची, काही पांढऱ्या धातूची. धातूचा असेल तर बशीत टाकल्यावर टणकन वाजतो, आणि जड असल्याने सीटची स्प्रिंग त्याला धड उडवू शकत नाही. प्लास्टिकची नक्कल ओळखणं अवघड. तिथे सीटवरचा आणि जादा असे दोन्ही माणसं शेजारी ठेवून भिंगाखाली बघा. साच्याची रेघ वेगळ्या जागी असेल तर त्यांतला एक तरी मूळचा नाही.

---

रविवारचा_ठेला

शोधायचं कुठे, ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते.

ऑनलाइन शोधताना बरोबर स्पेलिंगने शोधलंत तर तुमच्याबरोबर शेकडो लोक तीच गाडी बघत असतात. ज्यांना माहीत नाही असे विक्रेते 'ऑस्टिन मार्टिन' लिहितात, ॲस्टनऐवजी. ही चूक सर्रास होते. 'जुनी सोनेरी बाँड गाडी', 'उडणारी सीट', 'खेळण्यातल्या गाड्यांचा लॉट' असेही शोध सेव्ह करून ठेवा आणि रिप्रो, प्रतिकृती, १:३६ हे शब्द वगळा. लॉटमध्ये वीस मोडक्या गाड्यांखाली सोनेरी छपराचा कोपरा दिसतो, तिथेच खरी संधी.

ईबेवर 'वर्णनाशी जुळत नाही' अशी तक्रार वस्तू मिळाल्यापासून ३० दिवसांत करता येते. म्हणून घेण्याआधी संदेशातून लेखी विचारा: माणूस मूळ आहे का, खोकं मूळ आहे का, रंग पुन्हा दिला आहे का. फोनवर विचारलेल्याला पुढे काही किंमत राहत नाही.

मेळे: रेडिंगहून तुम्हाला एशरचा सॅन्डाउन पार्कचा मेळा जवळ पडेल, मोठा हवा असेल तर बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रातला. दोन पैसे जास्त देऊन लवकर आत सोडतात, तो पास घ्या. चांगला माल पहिल्या तासात विक्रेत्यांच्या आपापसातच फिरतो. कार बूट सेलला तर लोक डिकीतून सामान उतरवत असतात तेव्हाच पोचायला हवं.

लिलावात हातोडा पडतो ती शेवटची किंमत नव्हे. समजा १०० पौंडांवर हातोडा पडला आणि लिलावगृहाचं कमिशन २५ टक्के आहे. त्या २५ वर २० टक्के व्हॅट, म्हणजे आणखी ५. झाले १३०. दुसऱ्या कुणाच्या संकेतस्थळावरून बोली लावली तर त्यांचं शुल्क वेगळं, पोस्ट वेगळं. तेव्हा आपली कमाल रक्कम आधी ठरवून तिथून उलटं गणित करा. १३० च खर्चायचे असतील तर बोली १०० वर थांबली पाहिजे.

थॉर्नबीचं व्हेक्टिस हे खास खेळण्यांचं लिलावगृह आहे, त्यांची जुनी यादी चाळा. गाडीची अवस्था आणि खोक्याची अवस्था वेगवेगळी लिहिलेली असते, हे वाचायची सवय लागली की इतर ठिकाणचं मोघम वर्णनही पकडता येतं. 'निअर मिंट, गुड प्लस बॉक्समध्ये' याचा अर्थ गाडी जवळजवळ नवी आणि खोकं बरंच वापरलेलं.

---

मुक्ता_रेडिंग

इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार! आजच एक गाडी दिसली. किंमत बरी आहे, विक्रेत्याने फोटोही आठ दिले आहेत. दारांच्या कडांना आणि चाकांवरच्या कमानींना टवके आहेत, पण छप्पर एकदम चकचकीत. तळाचा फोटो आहे, दोन्ही रिव्हेटांभोवती पांढरट चमकदार गोल दिसतो. टायर काळेभोर, मऊ दिसतात. 'हलकी स्वच्छता केली आहे' असं लिहिलंय. घ्यावी का?

---

पत्र्याची_पेटी

घेऊ नका. निदान मूळ गाडीच्या भावाने तरी नको.

या गाडीत सगळ्यात जास्त हलणारा भाग छप्परच. शेकडो वेळा उघडून आपटलेलं असतं, म्हणून टवके सगळ्यात आधी त्याच्या कडांना पडतात. दारं झिजली आणि छप्पर कोरं, असं उलटं होत नाही. ते एकतर पुन्हा रंगवलंय किंवा दुसऱ्या गाडीचं बसवलंय.

रिव्हेटांचं तर उघडच आहे. बॉडीच्याच कास्टिंगमधले दांडे तळातून बाहेर काढून कारखान्यात ठोकून पसरवलेले असतात, त्यांचा माथा इतक्या वर्षांत करडा, मळकट होतो. भोवती चमकदार गोल म्हणजे ड्रिल फिरलंय. आत स्क्रू असेल किंवा नुसता चिकटवलेला असेल. छप्पर बदलायला तळ उघडावाच लागतो, म्हणजे दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात.

टायरचं मी मनावर घेत नाही. मूळ रबर कडक होतं, एका जागी उभं राहून चपटं होतं, म्हणून लोक बदलतात. ते सांगितलं असेल तर दोष नाही. धुरीची टोकं मात्र बघा: कारखान्यातली टोकं दाबून गोल केलेली असतात, कापलेली किंवा वाकवलेली दिसली तर चाकंही बदललीत.

---

रविवारचा_ठेला

मी म्हणेन, पडत्या भावात मिळाली तर घ्या. सुट्या भागांसाठी. त्यात मूळचा माणूस असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा परवडेल. आणि खोकं-कागद वेगळे घेऊन दोन-तीन वर्षांत संच उभा करता येतो, एकदम पैसे घालवावे लागत नाहीत.

---

दहापट_भिंग

ठेलाताई, इथे माझं मत वेगळं आहे. तुकड्यातुकड्यांनी जमवलेला संच जवळजवळ नेहमी महाग पडतो, कारण जादा माणूस, बिल्ला आणि पाकीट हेच सगळ्यात चढ्या भावाने विकले जातात. प्रत्येक तुकड्याला पोस्ट वेगळं, प्रत्येकात नकलीची जोखीम वेगळी. आणि शेवटी वर सांगितलेले गोंदाचे डाग जुळत नाहीत, खोक्याचा पिवळेपणा मंचाशी जुळत नाही. जाणकाराला ते पटकन दिसतं.

मुक्ताताईंनी एकाच घरातून आलेला संच शोधावा. खोकं थोडं फाटकं चालेल, एखादा झाकणाचा कान तुटलेला चालेल, पण आतलं सगळं एकत्र राहिलेलं हवं. बाबांना विकायची नाही, कपाटात ठेवायची आहे. मग तुटका कान हा दोष नाही, आणि त्यापायी भाव बराच उतरतो. पाकीट फोडलेलं असेल तर तेही चालवून घ्या. बंद पाकिटाचे लोक फार पैसे मोजतात, आणि आत काय आहे ते घेणाऱ्याला बघताच येत नाही.

---

रविवारचा_ठेला

कागदांबाबत तुमचं म्हणणं पटलं. फक्त गाडी आणि बाहेरचं खोकं अशी जोडी वेगवेगळी घेणं मला अजूनही चालेल. पाकीट आणि मंच मात्र वेगळे शोधू नयेत, हे खरं.

---

कोकणी_कपाट

रत्नागिरीचा प्रश्न राहिला. आमच्याकडे पावसाळ्यात पुठ्ठा अक्षरशः ओला लागतो, तेव्हा हे वाचा.

घरी आणल्यावर आधी सफाई. गाडी पाण्यात बुडवू नका. तळ रिव्हेटने बंद, आत लोखंडी स्प्रिंगा. शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि स्प्रिंग गंजली की छप्पर कायमचं बसतं. मऊ ब्रशने धूळ झाडा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, त्यात इअरबड बुडवून पिळून घ्या आणि फक्त बाहेरून पुसा. लगेच कोरड्या सुती कापडाने टिपा. थिनर, ॲसिटोन, सॅनिटायझर काहीही जवळ आणू नका. ढाल अडकत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टूथपिकच्या टोकावर घेऊन बिजागरीला लावा, रात्रभर ठेवा, सकाळी हलक्या हाताने नळ्या दाबून बघा. स्प्रेचं तेल नको, ते पसरतं आणि खोक्यावर डाग पाडतं.

गाडी आणि कागद एकत्र ठेवू नका. सूचनांचा कागद आणि बिल्ला आम्लरहित कागदात गुंडाळून पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. साध्या पीव्हीसी फोल्डरमध्ये ठेवलंत तर तो काही वर्षांत चिकट होतो आणि छपाई ओढून घेतो. गाडी थेट प्लास्टिकच्या डिस्प्ले केसवर उभी करू नका. जुन्या टायरमधलं द्रव्य उतरून प्लास्टिक वितळतं आणि टायर तिथेच चिकटतो. चाकांखाली आम्लरहित कागदाची पट्टी ठेवा.

गाडी एका आणि खोकं-कागद दुसऱ्या, अशा घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यांत, प्रत्येकात रंग बदलणारी सिलिका जेल. दहा-बारा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम पुरते. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवायचे, पुन्हा नारिंगी होतात. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बघा, एरवी दोन महिन्यांनी. डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर टाका. काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राहू दे. फार कोरडंही नको, पुठ्ठ्याची घडी तडकते.

आणि कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्या आधी काढा. कसर लागू नये म्हणून घरोघरी टाकतात, पण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. आतली सीट आणि तो माणूस प्लास्टिकचाच आहे. कसरीसाठी डबा घट्ट असणं आणि आत ओल नसणं पुरे.

---

मुक्ता_रेडिंग

ती गाडी सोडली. सॅन्डाउनच्या पुढच्या मेळ्याचा लवकरचा पास काढते, भिंग आणि टॉर्च मागवली. मेळ्यात विक्रेत्यासमोर टॉर्च मारून बघितलं तर त्यांना राग येतो का?

---

दहापट_भिंग

नाही येत, विचारून बघितलं तर. "बघू का?" म्हणा, गाडी त्यांनाच खोक्यातून काढू द्या, बटणंही त्यांनाच दाबायला सांगा. म्हणजे काही अडकलं तर तुमच्यावर येत नाही. दिवसाच्या उजेडात टॉर्चचा फरक नीट कळत नाही, म्हणून खोक्याच्या आत मारून बघा, तिथे अंधार असतो. पसंत पडलं तर पावतीवर 'मूळ खोकं, मूळ मंच, दोन मूळ माणसं' असं त्यांच्या हाताने लिहून घ्या, तारखेसह. जो खरं विकतोय तो लिहून देतो.